जगदेवरावांच्या तोंडातला तबला

देवासच्या 'बिनवाजा मंडळी'त पेटी नाही, टाळ नाहीत, साधी चुटकीसुद्धा वर्ज्य. जे काही वाजायचं ते तोंडातूनच. मंडळी चार: विद्युल्लताबाई, त्यांची सून अनन्या, दर रविवारी धारहून बसने येणारा संग्राम आणि विद्युल्लताबाईंचे थोरले भाऊ जगदेवराव. तिघं गातात, जगदेवराव तोंडाने तबला वाजवतात.

हा तबला ते तेलाच्या कारखान्यात शिकले. अडतीस वर्षं पाळ्या केल्या, यंत्राच्या ठोक्यावर बोल टाकत. ठोका बिघडला की मिस्त्रीच्या आधी त्यांना कळायचं. घरात खरा तबला कधीच आला नाही. "आणला असता तर शिकावा लागला असता," ते म्हणतात.

यंदा मंडळींनी दिवाळीचा अल्बम करायचं ठरवलं. सहा गाणी, सगळी विद्युल्लताबाईंनी रचलेली. एक अभ्यंगस्नानाचं, एक मातीच्या किल्ल्याचं, एक तर तळताना फुटलेल्या करंजीचं. वसुबारसेला ती नातेवाइकांच्या मोबाइलवर पोचायला हवी होती. मी संग्रामचा मावसभाऊ आणि वर इंजिनिअर, म्हणून रेकॉर्डिंग माझ्या गळ्यात पडलं. जगदेवरावांनी बडोद्यापर्यंत फोन करून सांगून ठेवलं होतं, "तबला आपला आहे हं!"

आणि नेमकी नवरात्रात त्यांना वरची कवळी बसली.

विद्युल्लताबाईंच्या खोलीत गाद्या उभ्या करून, खिडक्यांना रजया लावून आम्ही बसलो. जगदेवरावांनी ठेका धरला आणि माझ्या हेडफोनमध्ये तबल्याऐवजी कुकर वाजू लागला. 'ति' आला की शिट्टी. त्यांनी कवळी काढली. डग्गा छान घुमला, पण जीभ आपटायला दातच नाहीत, त्यामुळे 'ता' आणि 'ना' नुसती हवा. कवळी घासून द्यायला डॉक्टरांनी भाऊबीजेनंतरची तारीख दिली होती.

"काका, मी तबल्याचा तयार रेकॉर्ड केलेला लूप टाकतो," मी म्हणालो. "कोणाला कळणार नाही."

"मला कळेल ना, भिया." त्यांच्या माळवी बोलीत सगळेच भिया.

"लूप लागला तर आपण बिनवाजा कसले, दादा?" विद्युल्लताबाई म्हणाल्या.

"मग दातवाला माणूस शोध." त्यांनी कवळी डबीत ठेवली आणि डबी खिशात टाकली.

तेवढ्यात त्यांच्या पत्नी भवानीबाई चहाचा थर्मास घेऊन आल्या. "काय झालं वन्सं? सगळे असे का बसलात?"

"काय होणार! हे बघ," म्हणत जगदेवरावांनी बिनदातांचा ठेका करून दाखवला. "घे... गे... घे... गे..."

"टक्!" भवानीबाई.

नवऱ्याचं काही चुकलं की जीभ टाळूला लावून टक् करायचं, ही त्यांची चव्वेचाळीस वर्षांची सवय. पण तो टक् पडला बरोबर 'ना'च्या रिकाम्या जागेत.

संग्राम ओरडला, "काकू, फिरसे!"

"काय फिरसे? मी काय गायले का?"

"वहिनी, बसा इथे," विद्युल्लताबाई म्हणाल्या.

"छे बाई. मी आपली चहावाली."

"रोज घरी फुकट वाजवतेस," जगदेवराव म्हणाले, "आज माइकवर वाजव."

दोघांना एका माइकच्या दोन बाजूंना बसवलं. पहिल्या खेपेला भवानीबाईंनी लाजून डोळे मिटून घेतले आणि प्रत्येक टक् उशिरा पडला. दुसऱ्या खेपेलाही तेच. जगदेवरावांचा चेहरा उतरला. मग ते पुढे वाकून म्हणाले, "डोळे उघड. माझ्याकडे बघ. चूक दिसेलच."

त्यांनी बघितलं. घे... टक्, गे... टक्. मी हेडफोन कानावर घट्ट दाबले. डग्ग्याचा डावा हात नवऱ्याचा, तबल्याचा उजवा बायकोचा, आणि मधे एका केसाचंही अंतर नाही. अभ्यंगस्नानाचं गाणं शेवटपर्यंत गेलं.

"झालं! पुढचं घेऊ," विद्युल्लताबाई म्हणाल्या.

"थांबा वन्सं," भवानीबाईंनी थर्मास बाजूला सरकवला. "दुसऱ्या कडव्यात यांनी घाई केली. पुन्हा घ्या."

जगदेवराव माझ्याकडे वळले. "ऐकलं ना, भिया? दोन मिनिटं झाली नाहीत मंडळीत येऊन!"

आणि रुमालाने तोंड पुसून त्यांनी पहिल्यापासून ठेका धरला, या वेळी जरा सावकाश.