आधी पाचर, मग न्यूट्रल

आमच्या कोपऱ्यावरचे गॅरेजवाले मामा कधी घाई करत नाहीत, आणि ज्याला घाई असते त्याला ते बघून वेड लागायची पाळी येते. चाळीस वर्षं गाड्यांखाली काढल्यामुळे असेल, उघड्या आकाशाखालीही ते डोकं आपटू नये अशा बेताने वाकूनच चालतात.

त्या दुपारी माझ्या ऑटोमॅटिक गाडीच्या बॅटरीने मान टाकली. गाडी उभी होती फाटकातल्या उतारावर, तळमजल्यावरच्या नर्सबाईंच्या गाडीमागे खेटून. दोनला त्यांची ड्यूटी. त्या पोचल्याशिवाय सकाळच्या नर्सला सुटका नाही, आणि तिचं दोन महिन्यांचं बाळ घरी. हे बाईंनी मला तीनदा सांगितलं. टॅक्सी मिळत नव्हती.

मेव्हणा म्हणाला, ढकलू या. ढकललं. गिअर पार्कमध्ये अडकलेला. गाडी जागची हलली नाही, कंबर मात्र हलली.

मग मामा आले. गाडीकडे न बघता आधी उतार न्याहाळला. पिशवीतून लाकडी पाचरी काढून चाकांमागे ठोकल्या, मला आत बसवून हँडब्रेक ओढायला लावला आणि गाडीमागे येरझाऱ्या घालणाऱ्या नर्सबाईंना बाजूला व्हायला सांगितलं.

"मामा, सव्वा वाजून गेला," बाई म्हणाल्या.

"वाजू दे. उतार काय घड्याळ बघतो?"

त्यांच्या सांगण्याप्रमाणे गिअरच्या दांड्याजवळ एक बारकं झाकण असतं. ते काढून आतली कळ दाबायची, ब्रेकवर पाय ठेवायचा, की बॅटरीशिवायही दांडा न्यूट्रलला येतो. झाकण काही निघेना. मामांनी स्क्रूड्रायव्हरला फडकं गुंडाळून उचकटून पाहिलं, नख लावून पाहिलं, शेवटी नाक लावून पाहिलं.

"हे कुणी चिकटवलं?"

मी. गेल्या वर्षी सैल वाटलं, म्हणून. चांगला महागातला गोंद लावून.

"यांनी रिमोटचंही चिकटवलंय," बायको म्हणाली. "सेल बदलता येत नाहीत."

मामांनी ब्लेड काढलं. ब्लेडने गोंद खरवडत राहिले आणि दर मिनिटाला एकदा माझ्याकडे बघत राहिले. बोलले असते तर परवडलं असतं.

अखेर कळ सापडली. मी किल्ली फिरवून स्टीअरिंग मोकळं केलं, ब्रेक दाबला. इंजिन बंद असल्यामुळे तो दगडासारखा लागत होता. पुरता दाबला गेलाच नाही. दांडा न्यूट्रलला आला आणि गाडी धपकन मागे सरकून पाचरींवर बसली. माझा हँडब्रेक केव्हाच ढिला झाला होता, हे मला तेव्हा कळलं. मघाशी बाई जिथे येरझाऱ्या घालत होत्या, तिथे सगळेच क्षणभर बघत राहिले.

मामांनी मला उतरवलं, स्वतः आत बसले. मेव्हण्याकडून पाचरी काढून घेतल्या, आणि पायाने ब्रेक आवळत गाडी वीतभर वीतभर सोडत रस्त्याच्या कडेला नेऊन लावली. पाचरी पुन्हा चाकांमागे. बाई गाडी काढून सुसाट गेल्या.

दोनला दोन मिनिटं असताना बायकोच्या फोनवर निरोप आला: "पोचले. तिला घरी पाठवलं. यापुढे तुमच्या यांनी माझ्यामागे गाडी लावली तर गाठ माझ्याशी आहे."

बायकोने तो मामांना मोठ्याने वाचून दाखवला. मामांनी शेवटचं वाक्य पुन्हा वाचायला लावलं.