वाचून सही केली

आमच्या गावात एखादी बाई अंथरूण सोडून दुसरीकडे कुठेही मेली, की तुळजाबाईला निरोप जायचा. बाईच्या प्रेताला पुरुषाने हात लावायचा नाही, म्हणून दोघीजणी लुगडं आडवं धरायच्या, तुळजाबाई आत जायची आणि पोलीस ठाण्याचा जमादार पाठ फिरवून पंचनामा लिहायला बसायचा. ती आतून मोठ्याने सांगायची, तो बाहेर लिहायचा. बाकीच्या बायका तोंडाला पदर लावून लांब उभ्या राहायच्या. तिला विचारलं तर म्हणायची, "जित्या बाया सोडवताना भ्याले न्हाई, मेलेल्या काय खात्यात का मला?" ती सुईण होती. कुंभार पिंपळगावच्या बाजाराला येणाऱ्या आमच्याकडच्या पाच-सहा गावांतली निम्मी पोरं तिच्या हातावर जन्मली होती. त्यातल्या कुणाचाही कान ती भर चौकात धरायची, मग तो सरपंच का असेना.

मी त्या गावात मास्तर होतो. शिकलेला माणूस म्हणून पुरुष पंचांत माझं नाव ठरलेलं असायचं, आणि मला तो मोठा मान वाटायचा.

चौऱ्याऐंशी सालच्या मार्चमध्ये गावातल्या बड्या अप्पारावांची सून बेबीनंदा त्यांच्याच विहिरीत सापडली. बावीस वर्षांची होती, पदरी दोन वर्षांची मुलगी. लुगड्याआडून तुळजाबाईचा आवाज आला तो मी माझ्या कानांनी ऐकला. "डोक्याच्या मागं खोक हाये, चार बोटं. गळ्याला दोन्ही अंगांनी वळ हायेत. पाण्यात पडून असं व्हत न्हाई, बराबर लिवा." जमादार लिहीत होता, म्हणजे त्याची मान खाली होती आणि पेन हलत होता. तेवढ्यात अप्पारावांकडून चहा आला. "चला गुरुजी, जल्दी करा, अजून एक गाव करायचंय," जमादार म्हणाला आणि मी सही ठोकली. तुळजाबाईचा अंगठाही मीच धरला, शाईत बुडवला आणि कागदावर टेकवला. कागदावर लिहिलेलं होतं, अंगावर जखम नाही, पाणी शेंदताना पाय घसरून मृत्यू. वाचायला मला दोन मिनिटं लागली असती. दवाखान्याच्या कागदातही मग 'बुडून' एवढंच आलं.

बेबीनंदाची आई सोनूबाई गप्प बसणारी नव्हती. तिने दारोदार फिरून जावयावर, संपतवर, खटला उभा करायला लावला. दोन वर्षांनी कोर्टात आधी मला उभं केलं. "गुरुजी, पंचनामा वाचून सही केली?" वकिलाने विचारलं.

"वाचून सही केली," मी म्हणालो.

मास्तराने न वाचता सही ठोकली हे चारचौघांत कोणत्या तोंडाने सांगणार? शिवाय शाळेच्या दोन खोल्यांना जागा अप्पारावांनी दिलेली होती. कारणं पुष्कळ सांगता येतील, पण खरं एवढंच की मी भित्रा होतो.

मग तुळजाबाई उभी राहिली. तिने खोक सांगितली, वळ सांगितले, चार बोटं उचलून दाखवली. वकिलाने तिच्यापुढे कागद धरला आणि विचारलं, "हा अंगठा तुमचाच ना?"

"अंगठा माझा हाये. बोलणं माझं न्हाई."

मागे बसलेले लोक हसले. संपत सुटला.

परतीच्या एसटीत ती माझ्या शेजारी येऊन बसली. आता शिव्या बसणार असं मला वाटलं, आणि बसायलाच हव्या होत्या. पण ती म्हणाली, "मास्तर, उद्यापून मला वाचाया शिकवा."

"सरकारचे प्रौढांचे वर्ग असतात, त्यात नाव घालतो तुमचं," मी म्हणालो.

"तुमीच शिकवायचं. तुमी वाचलं न्हाई म्हणून मला शिकावं लागून राह्यलं."

शाळा सुटली की पन्नाशीला टेकलेली ही बाई पहिलीच्या वर्गात येऊन बसायची. मी पाटीवर तिचं नाव काढलं, ते तिने तळहाताने पुसून टाकलं. "माझं नाव मला म्हाईत हाये. जमादार काय लिवतो ते शिकवा." कमळ आणि बदक तिने कधी गिरवलंच नाही. ती आधी 'जखम' शिकली, मग 'मयत', मग 'वळ' आणि 'खोक'. चुकली की मलाच रागावायची. आणि पाटी ठेवताना रोज एकच विचारायची, "बेबीच्या पोरीला कवा सांगणार?"

पोर सोनूबाईकडे वाढत होती. आजी सांगायची, तुझ्या आईला मारलं. तुळजाबाईही जाऊन सांगून आली होती. पण अप्पारावांची माणसं म्हणायची, म्हातारीचं काय ऐकता, मास्तरनं वाचून सही केलीय, कोर्टात सांगितलंय. पोरीला खरं पटायचं तर ते माझ्याच तोंडून यायला हवं होतं. हे तुळजाबाईला कळत होतं आणि मलाही कळत होतं. मी म्हणायचो, अजून लहान आहे ती.

त्र्याण्णव साली शेजारच्या गावात एक सून जळून मेली. नवा जमादार होता. तुळजाबाई लुगड्याआडून बाहेर आली, हात धुतले, कागद मागून घेतला आणि ओळीवर बोट ठेवून वाचत गेली. 'स्टोव्हचा भडका होऊन' इथे बोट थांबलं.

"स्टो कुठाय?"

"असेल आत, मावशी. द्या इकडं."

"ह्या घरात चूल हाये. स्टो कधीच न्हवता. हाये तर आणा, दावा मला."

स्टोव्ह काही निघाला नाही. जमादाराने कागद फाडला आणि तिच्यासमोर बसून नव्याने लिहिला. त्या घरातली दोन माणसं तुरुंगात गेली. त्यानंतर बदली होऊन जाणारा जमादार नव्याला सांगून जायचा म्हणे, की त्या बाजूला तुळजाबाई आहे, नीट लिही. मी तिचा मास्तर म्हणून चारचौघांत मिरवायचो. निर्लज्जपणालाही काही हद्द असते, पण माझ्या ती ध्यानात यायची नाही.

दोन हजार एक साली मी निवृत्त होऊन जालन्यात मस्तगडला मुलाकडे राहत होतो. एका सकाळी तुळजाबाई दारात उभी, सोबत एकोणीस वर्षांची मुलगी. बेबीनंदाची शिवकन्या. तिचं लग्न ठरलं होतं. सोनूबाई वारली होती आणि मुलीच्या मामाने ठरवलं होतं की बाप तो बाप, कन्यादानाला संपतच बसेल.

"गुरुजी," पोरगी म्हणाली, "आजी एक सांगायची, कोर्टाचा कागद दुसरंच सांगतो. तुम्ही तर वाचून सही केल्ती. तुम्हीच सांगा, त्यांना बसू देऊ का?"

मी तुळजाबाईकडे पाहिलं. ती भिंतीला टेकून गप्प बसली होती. तिला गप्प बसलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

"वाचलं नव्हतं, बाळा," मी म्हणालो. "पण ही आतून काय सांगत होती ते ऐकलं होतं. डोक्याला खोक होती, गळ्याला वळ होते. तुझी आई घसरून पडली नाही. मी कोर्टात खोटं बोललो."

पोरगी रडली नाही.

"तुम्ही बोलले असते तरी आई काई आली नसती," ती म्हणाली. "पण ते दर दिवाळीला मला कपडे घेऊन यायचे, गुरुजी. दर दिवाळीला मी त्यांच्या पाया पडले."

तुळजाबाई उठली, पदर खोचला आणि माझ्याकडे वळली. "मास्तर, चपला घाला."

"कुठं?"

"मामाच्या घरी. लग्नाचं बोलाया संपत आल्ता कालच, तिथंच बसलाय. त्याच्या म्होरं सांगा."

मी चपला घातल्या.