तू म्हटल्याचा गुन्हा

आचारसंहिता हा शब्द मी घरात पहिल्यांदा काढला तेव्हा आईने विचारलं, "कोनती निवडनूक लागनी?"

तिचंही बरोबर होतं. आमच्या रनाळ्यात आचारसंहिता म्हणजे पंचायतीची, नाही तर झेडपीची. ती लागली की बॅनर उतरतात आणि पुढाऱ्यांचा आवाज जरा खाली येतो. मी म्हटलं, निवडणूक नाही गं, आम्ही ते सॉफ्टवेअर करतो ना, सगळ्यांसाठी मोकळं, त्या लोकांनी एकमेकांशी कसं वागायचं याचे नियम. आई मिरच्यांचे देठ खुडत होती. वर न बघता म्हणाली, "वागानं कसं हाई बी लिखनं पडस का?"

पडतं, बाई. का पडतं तेच सांगते.

मी घरी बसून एका कंपनीसाठी प्रोग्रॅम लिहिते, तो पोटाचा धंदा. उरलेल्या वेळात एका कीबोर्डवर काम करते, मोबाइलवर मराठी लिहिण्याच्या. तो कोणा कंपनीचा नाही. ठिकठिकाणची माणसं हौसेने तो बांधतात, त्याचा सगळा कोड उघडा असतो आणि कोणीही उठावं, सुधारणा पाठवावी. मात्र आलेली सुधारणा आत घ्यायची की नाही, हे ठरवायचा हक्क मोजक्यांकडे असतो. राबून राबून तो हक्क मी मिळवला होता. कोणी ओवाळून दिला नव्हता.

या कीबोर्डला एक खोड होती. त्याला अहिराणी, आमची घरातली भाषा, सोसायची नाही. आमच्याकडे आहेला शे म्हणतात, माझाला मन्हा आणि तुझाला तुन्हा. आईने सुरतेला माझ्या भावाला लिहिलं, "तुन्हा बाप आते बरा शे." कीबोर्डने परस्पर सुधारून पाठवलं, "पुन्हा बाप आते बरा शेण." भाऊ दोन दिवस हसत होता. आई मात्र फोनला हात लावेना. म्हणे, मी लिहिते एक, हा मेला बोलतो दुसरंच. तेव्हा मी अहिराणीचे शब्द गोळा करून कीबोर्डला शिकवायला घेतले.

आता त्या कीबोर्डचे कर्ते. पुण्यातले एक गृहस्थ. पहिली वीट त्यांनी रचली म्हणून आम्ही सगळे त्यांना सर म्हणायचो. माणूस हुशार, खोटं कशाला बोलू. आणि बोलणं इतकं गोड की लिहिलेलं वाचताना वाटावं, समोर पानदान ठेवलंय. काठी गावाजवळच्या पाड्यावरची एक कॉलेजातली मुलगी, घरी भिली बोलणारी, तिने आपल्या भाषेतले थोडे शब्द पाठवले होते. सरांनी तिला सगळ्यांसमोर उत्तर लिहिलं: "आपला उत्साह कौतुकास्पद आहे. तथापि आपण आधी भाषा शिकून घ्यावी व मगच योगदानाचा विचार करावा, ही नम्र विनंती."

नम्र विनंती! ती मुलगी पुन्हा फिरकली नाही. मी तिला मेसेज केला तर तिचं उत्तर आलं, "ताई, मला वाटलं मला भाषा येते." माझं डोकंच फिरलं. मी त्याच दिवशी चर्चेच्या पानावर लिहिलं की आपल्याला आचारसंहिता हवी.

मग जे रणकंदन माजलं! एक म्हणाला, हे परदेशी फॅड इथे नको. दुसरा म्हणाला, कोड बघा, माणूस बघू नका. तिसऱ्याने लिहिलं, आम्ही इथे काम करायला येतो, संस्कारवर्गाला नाही. मी प्रत्येकाला उत्तर दिलं. म्हटलं, माणूस बघू नका म्हणता, मग त्या पोरीची भाषा का बघितली? तिच्या कोडमध्ये तर एक चूक नव्हती. यावर लगेच कोणीतरी विषय बदलला. महिनोन् महिने हे चाललं. शेवटी तिघांची समिती नेमली गेली आणि तिने एका इंग्रजी आचारसंहितेचं मराठी केलं. छळ करू नये, धमकी देऊ नये, जात-धर्म-लिंगावरून हिणवू नये. सगळं ठीक. सरांनी त्यात स्वतःहून एक ओळ घातली: "सर्वांशी आदरार्थी भाषेत बोलावे. एकेरी संबोधन टाळावे." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. खरं सांगते, मीही वाजवल्या. त्या ओळीवर कोण कशाला हरकत घेईल?

पुढे थोड्याच दिवसांत माझे अहिराणी शब्द आत घ्यायची वेळ आली. सकाळी बघते तर सरांनी ते आधीच आत घेतलेले. मी खूश झाले. मग बघितलं कुठे घेतलेत. कीबोर्डमध्ये एक भाग आहे, लोक नेहमी करतात त्या चुकांचा. हृदयचं ऱ्हुदय, आशीर्वादचा आर्शिवाद, असल्या चुका. त्या भागात माझे सगळे शब्द टाकलेले. शे ही आहेची चूक. मन्हा ही माझाची चूक. माझी आख्खी भाषा, आजोबांच्या शिव्यांपासून लग्नातल्या गाण्यांपर्यंत, चुकांच्या डब्यात!

जे तोंडात आलं ते मी चर्चेच्या पानावर तसंच लिहिलं: "भो, तू हाई काय करी ऱ्हायना? हाई मन्ही मायनी भाषा शे, चूक नही."

बस, एवढंच. शिवी नाही, शाप नाही. भो म्हणजे भाऊ. त्याहून जवळचा शब्द आमच्याकडे परक्या पुरुषाला नाही. आणि तू? आमच्या घरात बापाला तू, आजीला तू, देवीला तू. शेजारच्या म्हाताऱ्याला मी 'आपण' म्हटलं तर तो घाबरून विचारेल, पोरी, काही सरकारी काम आहे का?

तर माझ्यावर तक्रार झाली. आचारसंहितेखाली आलेली पहिलीच तक्रार, आणि ती आचारसंहिता मागणारीवरच. यालाच म्हणतात हात दाखवून अवलक्षण. सरांनी समितीला लिहिलं होतं की संबंधित भगिनींनी आपला जाहीर एकेरी उल्लेख केला, आपण व्यथित झालो आहोत. समितीने मला कळवलं: जाहीर माफी मागावी, अन्यथा बदल आत घेण्याचा हक्क काढून घ्यावा लागेल. निकाल लागेपर्यंत त्या शब्दांना मी हात लावायचा नाही. म्हणजे असं, की माफी मागितली तर हक्क राहील आणि मी स्वतः ते शब्द चुकांतून उचलून भाषेच्या जागी ठेवू शकेन. नाही मागितली तर शब्द तिथेच पडून राहतील, कोणा दुसऱ्याला दया येईपर्यंत.

आईला सांगितलं. वाटलं, ती तरी पदर खोचून उभी राहील. तर म्हणाली, "मांगी ले ना माफी. तुन्हं काय जास? दोन शबद बोल नि मोकळी व्हय." मी चिडले. म्हटलं, दोनच शब्द ना, मग तेच बोलू शकत नाही मी. आई म्हणाली, "मंग भोग," आणि उठून गेली. तिचंही चूक नव्हतं. आयुष्यभर तलाठ्यापुढे, डॉक्टरपुढे, मास्तरपुढे ती असेच दोन शब्द बोलून मोकळी होत आली आहे. मला त्याचाच राग येत होता.

त्यात भर म्हणून नको ते मित्र धावून आले. आचारसंहितेला पहिल्यापासून विरोध करणारे. संस्कारवर्गवाल्याने मला खासगीत लिहिलं, "बघा ताई, आम्ही सांगत होतो. आता तुम्हीच जाहीर म्हणा की हे नियम रद्द करा. आम्ही सगळे तुमच्या मागे उभे राहतो, तुमच्या हक्काला धक्का लागत नाही." सोपं होतं. एक ओळ लिहायची आणि सुटायचं. मी लिहिलं, "दादा, ती पोरगी गेली तेव्हा कुठे उभे होतात?" दुसऱ्या एकाने शहाणपणाने सुचवलं की सगळा कोड उचला आणि वेगळी चूल मांडा, परवानगी तर असतेच. असते ना. पण मी का मांडू वेगळी चूल? या चुलीला लाकडं मीही आणली आहेत. ज्याला माझी भाकर खपत नाही त्याने उठावं.

मग व्हिडिओ कॉल झाला. समितीचे तिघं, सर आणि मी. समितीच्या अध्यक्षबाई नागपूरच्या, आवाज मऊ. त्या म्हणाल्या, "तुमचा हेतू वाईट नव्हता हे आम्हाला समजतं. पण नियम सर्वांना सारखा."

मी म्हटलं, "मग सारखाच लावा. सरांनी त्या मुलीला जे लिहिलं ते मी माझ्या भाषेत सांगते. आमच्याकडे तथापि नाही आणि कौतुकास्पद पण नाही, त्यामुळे ते गाळून सांगावं लागेल." आणि सांगितलं, "तुले बोलता येत नही. पहिले शिकी ये, मंग आठे तोंड उघाड."

सर म्हणाले, "मी असं म्हणालो नाही." मी म्हटलं, "भो, तू असंच म्हणालास. फक्त 'आपण' घालून म्हणालास." झालं, पुन्हा तू! अध्यक्षबाईंनी डोळे मिटून घेतले. मला खरंच त्यांची दया आली, पण मागे हटण्याइतकी नाही. मी म्हटलं, नियम ठेवा. मीच मागितलेत, मी ते मोडायला आलेली नाही. त्यातली एकेरीची ओळ काढा आणि तिथे लिहा की कोणाच्या भाषेला चूक म्हणू नये. मग त्या ओळीखाली पहिली तक्रार मी करते.

समितीतला तरुण सभासद म्हणाला, सूचना चांगली आहे, तिच्यावर स्वतंत्र चर्चा घेता येईल, पण आजचा प्रश्न माफीचा आहे. सरांनी मान हलवली. अध्यक्षबाईंनी मला शेवटचं विचारलं, "मागता का माफी? एवढं केलंत तर सगळंच सोपं होईल."

त्या क्षणी माझ्या डोळ्यांसमोर माझे शब्द होते, मी एकेक विचारून, तपासून जमवलेले, आणि मला माहीत होतं की 'नाही' म्हटलं की मला ते तिथून हलवता येणार नाहीत.

"नही," मी म्हणाले.

"मग हक्क आजपासून काढून घ्यावा लागेल."

"घ्या."

तो तरुण सभासद बैठकीचं इतिवृत्त टाइप करत होता. ते सगळ्यांना दिसेल असं उघड्यावर ठेवतात. तो शेवटची ओळ मोठ्याने वाचत म्हणाला, "माफी मागण्यास त्यांनी नकार दिला. असं लिहू ना, मॅडम?"

"त्यांनी नको," मी म्हटलं. "तिने लिही. तिने नकार दिला."

त्याने सरांकडे बघितलं, मग अध्यक्षबाईंकडे, आणि खोडून तसं लिहिलं.