तेलावरची रेघ

अण्णा कुणाच्याही घरी गेले की बसायच्या आधी खिडकीपाशी जात. खुशाली नंतर. काच जिथं लाकडाला भेटते तिथं ते अंगठ्याचं नख हळूच फिरवत आणि मगच सतरंजीवर टेकत. माझ्या लग्नाची बोलणी करायला आम्ही मंचरला गेलो तेव्हाही त्यांनी हेच केलं. सासऱ्यांनी विचारलं, "काय बघता पावणं?" अण्णा म्हणाले, "रंग धरलाय. घर चांगलं हाय." आईनं हसू दाबायला तोंडाला पदर लावला. मला मात्र मान वर करवेना.

अण्णा, माझे वडील, रंगारी होते. पेठ गावाच्या अलीकडे रस्त्यापासून आत आमचं गाव. वाट्याचं शेत काका बघायचे आणि अण्णा डबे-ब्रश घेऊन ओझरपासून मंचरपर्यंत फिरायचे. भिंती काय, कुणीही रंगवतं, असं त्यांचं मत. त्यांना बोलावणं यायचं ते खिडक्यांसाठी. लाकडी खिडकीत काच बसवताना कडेनं लांबी, म्हणजे खडू-तेलाचा लगदा, भरतात. तिच्यावरचा रंग केसभर पुढं, काचेवर यावा लागतो. तेवढा आला की पावसाचं पाणी लांबीच्या मागं शिरत नाही. पण काचेवर रंग टिकत नाही, पापुद्रा होऊन सुटतो. म्हणून अण्णा आधी सोड्याच्या पाण्यानं काचेची कड धुवायचे, वाळवायचे, मग कागदाची पट्टी न लावता नुसत्या हातानं रेघ ओढायचे. "काच कुणाला जवळ करीत न्हाई," असं ते म्हणत. "तिच्याकडं जाताना अंग धुऊन जावं लागतं."

मी गावच्याच शाळेत शिक्षिका झाले. मंचरहून एसटीनं यायचे, दुपारी माहेरी डोकावून जायचे. एका उन्हाळ्यात शाळेनं खिडक्या रंगवायच्या ठरवल्या आणि काम अण्णांकडे जाणार हे कुणाला ठरवावंही लागलं नाही. त्या वेळी त्यांनी कुणालाच बरोबर घेतलं नाही. शिडीवर एकटे असायचे, आणि कुणी खाली उभं राहिलं की ब्रश थांबवायचे. "मानूस बघाया लागला की हात बिचकतो," म्हणायचे. काम संपलं तेव्हा निळ्या रंगाची रेघ प्रत्येक काचेवर दोरी ताणल्यासारखी होती. मुख्याध्यापकांनी आम्हा सगळ्यांना वर्गावर्गात नेऊन ती दाखवली. अण्णा मागं उभे होते, पण मान खाली. मला तो त्यांचा विनय वाटला.

दुसऱ्या पावसाळ्यात सातवीच्या वर्गात पाणी येऊ लागलं म्हणून आमच्या शिपाई सिंधूताई खिडकी लावायला गेल्या. तावदान ओढलं आणि वरची अख्खी काच सुटून त्यांच्या मनगटावर आली. पोरं किंचाळत बाहेर पळाली. सिंधूताईंना जीपमध्ये घालून मंचरला नेलं, टाके पडले, दोन बोटं पुढं कधी नीट मिटली नाहीत.

मग सगळ्या खिडक्या तपासल्या. मुख्याध्यापकांनी एका काचेच्या कडेला बोट लावलं तर निळ्या रंगाची लांबच लांब फीत सुटून त्यांच्या हातात आली. खाली लांबी फुगून भुगा झालेली, लाकूड मऊ पडलेलं. शिक्षकांच्या खोलीत ती फीत टेबलावर ठेवली होती. कुणी म्हणालं, रंगात भेसळ असणार. कुणी म्हणालं, म्हातारा हल्ली घेतो वाटतं. मग मी तिथं आहे हे ध्यानात येऊन सगळे गप्प झाले.

दुपारी मी आईला सगळं सांगितलं. अण्णा पडवीत खाटेवर पडले होते, भिंतीकडे तोंड करून. ते झोपलेत असं मला वाटलं. आईनं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "घेत न्हाईत गं ते. कधीच न्हाई घेतली."

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत अण्णा शाळेत, आमच्या शिक्षकांच्या खोलीत आले. धुतलेला सदरा, डोक्यावर टोपी. मुख्याध्यापकांनी खुर्ची दिली, ते बसले नाहीत.

"गुरुजी, काचंला मी खोबरेल लावलं व्हतं," ते म्हणाले.

कुणाला काही कळलं नाही. तेव्हा त्यांनी उजवा हात टेबलावर अधांतरी धरला. तो थरथरत होता. वाऱ्यानं पान हलावं तसा नव्हे. आतून कुणी हिसके द्यावेत तसा.

"ह्यो हात लई दिस असा हाय. रेघ सरळ येईना. काचंला तेल लावलं की रेघंभायेर फासलेला रंग फडक्यानं पुसून निगतो. रेघ दिसाया सरळ दिसती. पर तेलावर रंग धरत न्हाई."

"तुम्हाला कल्पना नसेल अण्णा, की इतकं होईल," मुख्याध्यापक म्हणाले. ते वाट काढून देत होते.

"मला ठावं व्हतं," अण्णा म्हणाले. "दुसऱ्या कुणाला न्हाई, पर मला ठावं व्हतं. हात गेला असं कुणी म्हनू नये, एवढ्यापायी केलं."

मी टेबलावरच्या मेणकापडाच्या फुलांकडे बघत बसले. त्यांनी आता थांबावं आणि घरी जावं, एवढंच मनात होतं. कुणीतरी त्यांच्या हाताकडे बघत होतं, कुणी माझ्याकडे. घंटा झाली आणि मी वर्गावर जाऊन अपूर्णांक शिकवले.

तिथून अण्णा सिंधूताईंच्या घरी गेले. हे मला नंतर सिंधूताईंनीच सांगितलं. त्या म्हणाल्या होत्या, "अण्णा, पाऊसच लई व्हता." अण्णा म्हणाले, "पावसावर घालू नका बाई. माजंच हाय ते."

खिडक्यांचं काम नारायणगावच्या शांताराम पेंटरला दिलं. तरुणपणी तो आणि अण्णा एकाच ठेकेदाराकडे होते आणि पुढं एकमेकांच्या कामाला नावं ठेवत आले होते. अण्णा रोज शाळेत जाऊ लागले. जुनी लांबी खरवडायची, काचा सोड्यानं धुवायच्या, पुसायच्या. थरथरत्या हाताला जमेल ते सगळं त्यांनी केलं. ब्रश शांतारामच्या हातात. एकदा शांताराम म्हणाला, "तुमी बसा की राव, लोकं बघत्यात." अण्णा म्हणाले, "बघू दे."

प्रजासत्ताक दिनाला शाळेनं दोघांचा सत्कार ठरवला. अण्णांनी मला घरीच सांगितलं, "शांतारामला द्या. मला कशाची शाल? खोटं काम करून खरं बोललो म्हनून? मग ज्यानं खोटं केलंच न्हाई त्याला काय देनार?" ते आले नाहीत. त्यानंतर शाळेत म्हणून गेले नाहीत. पेठेला जायचं तरी मळ्याच्या वाटेनं जात, शाळेच्या दारावरून नाही.

पुढं काही वर्षांनी त्यांनी अंथरूण धरलं. शेवटच्या पावसाळ्यात मी त्यांच्याजवळ राहायला आले होते. सर आली की ते विचारत, "शाळंत पानी आलं का?" मी नाही म्हणे. एका रविवारी खूप कोसळत होता. मी नेहमीप्रमाणे म्हटलं, "नाही अण्णा, सगळं कोरडं आहे."

"बघून आलीस का मला बरं वाटावं म्हनून सांगतीस?"

मी छत्री घेतली. सिंधूताईंकडून किल्ली आणली आणि एकेक वर्ग उघडून सगळ्या खिडक्यांच्या कडांवरून हात फिरवला. परत आले तेव्हा साडी गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेली. म्हटलं, "हात लावून बघितलं अण्णा. एक थेंब नाही आत."

त्यांनी माझ्या पायांकडे बघितलं. खरं सांगतेय हे त्यांना पटलं. मला वाटलं, आता तरी त्यांचा चेहरा सैल होईल.

"शांतारामचं काम हाय ते," अण्णा म्हणाले आणि भिंतीकडे वळले.