दादाची कळ थांबली तेव्हा

"हर्निया अडकलाय," परभणीच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले. "स्ट्रँग्युलेटेड. आतडं आवळलं गेलंय, त्याला रक्त मिळत नाही. लगेच ऑपरेशन करावं लागेल."

मी दादाकडे पाहिलं. तो शांत पडला होता. एवढा शांत माणूस मरणाच्या दारात आहे, हे मला पटेना.

दादा बोरीला शेती करायचा, मी मानवतला शिक्षक होतो. आदल्या दिवशी त्याच्या जांघेतली गाठ दगडासारखी झाली, उलट्या सुरू झाल्या, म्हणून शेजारी त्याला बैलगाडीतून परभणीला न्यायला निघाले. वाटेत कळ थांबली. उतार पडला म्हणत सगळ्यांनी बैल माघारी वळवले. निरोप मिळून मी सकाळी बोरीला पोचलो तेव्हा त्याचं पोट फुगलं होतं. तरी म्हणाला, "आता बरं वाटायलंय. कशाला शाळा बुडवलीस, मास्तर?" मी ऐकलं नाही. मायला बरोबर घेतलं आणि गाडी पुन्हा जुंपून त्याला परभणीला आणलं.

डॉक्टरांनी त्याची पापणी उचलली. बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या झाल्या होत्या.

"घरी काही दिलं होतं?"

"न्हाई जी," माय म्हणाली. "नुसतं कोमट पाणी."

"मावशी, मी अबकारीवाला नाही, तुम्हाला पकडून नेणार नाही. याला भूल द्यायचीय. पोटात काय गेलंय ते कळलं नाही, तर माझ्याच औषधानं याचा श्वास थांबेल."

मायनं पदर तोंडाला लावला. "अफू दिली. गाडीत बसवताना. अन् आज सकाळीबी."

तेव्हा आमच्याकडे बाया तान्ह्या लेकराला अफूचं बोट चाटवून शेतावर जात. त्यात कुणाला वावगं वाटत नसे, फक्त दवाखान्यात सांगायची लाज वाटे. अफूनं कळ झाकली. आत आतडं कुजतच राहिलं.

ऑपरेशनआधी मॉर्फिया देत. अफूपासूनच काढलेलं, वेदना मारणारं इंजेक्शन. ते डॉक्टरांनी टाळलं. नाकातोंडावर जाळी, तिच्यावर कापड, आणि कापडावर ईथरचे थेंब. ईथर म्हणजे हुंगवून भूल देणारं औषध. आकडे मोजायला सांगितल्यावर दादा निजामाच्या उर्दू शाळेत शिकला तसे मोजू लागला, "एक, दो, तीन..." दार लागलं. ओसरीवर तो गोडसर, उग्र वास येत राहिला.

"भूल नीट उतरली," बाहेर येऊन डॉक्टर म्हणाले. "पण हातभर आतडं काळं पडलं होतं. काढलं. विष मात्र पोटात पसरलंय."

दादा शुद्धीवर आला आणि कळ परत आली. तो खाटेचा दांडा धरून कण्हायचा. डॉक्टर जवळ बसून त्याचे श्वास मोजत राहिले. अफू पुरती ओसरल्याची खात्री झाल्यावरच त्यांनी मॉर्फिया दिलं.

"ही तीच व्हय?" मायनं विचारलं.

"तीच. फक्त मोजून, आणि आजार कळल्यावर."

पुढे ताप चढत गेला, पोट फळीसारखं कडक झालं. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "वाचवणं आता माझ्या हातात नाही. दुखू न देणं आहे."

तुमच्या घरी कुणाची कळ अशी अचानक थांबली, तर गाडी वळवू नका. आणि जे दिलं असेल ते डॉक्टरांना सांगा, ते शरमेचं असलं तरी.

मायला मी कधी बोल लावला नाही. लेकराचं दुखणं तिला बघवलं नाही, एवढंच. शेवटी डॉक्टरांनाही ते बघवलं नाही. त्यांचे उपकार मी विसरलेलो नाही.

शेवटच्या दुपारी इंजेक्शननंतर दादाच्या कपाळावरची आठी गेली. माय त्याचे पाय दाबत होती. तो म्हणाला, "राहू दे माय, दुखत न्हाई आता."

ती दाबतच राहिली. त्याचे श्वास थांबल्यावरही.