अलीकडची शाळा, पलीकडची शाळा

दोन शाळा समोरासमोर असल्या की किस्से शोधत फिरावं लागत नाही. सकाळी घंटा झाली की एक तयार, शाळा सुटेपर्यंत दुसरा! महाडकडच्या कापडे गावाच्या पुढे आत गेलं की नदीच्या अलीकडे आमची बोर्डाची शाळा, पलीकडे दळवी गुरुजींची. दोन्ही सहावीपर्यंत. मी अलीकडचा हेडमास्तर. पन्नास-साठच्या त्या काळात दोन्ही काठांना एकच छंद होता, कुणाची शाळा भारी ते ठरवायचं.

* * *

ट्रेनिंग कॉलेजात मला मूकवाचन शिकवलं होतं. मुलांनी मनातल्या मनात वाचायचं. मी मोठ्या हौसेनं सुरू केलं.

तिसऱ्या दिवशी शाळेखालच्या खाचरातला सखाराम चिखलाच्या पायांनी थेट वर्गात! भाताची लावणी सोडून आला होता.

"गुर्जी, पोरां आजारी हायत काय?"

"नाही, वाचतायत."

"मग आयकू का येत नाय? त्यांच्या शालेचे पाढे आमच्या खाचरात येतात, आन् आमच्या शालेचा आवाज शालंतच ऱ्हातो! लोकांना तोंड कसं दाखवायचं?"

दुसऱ्या दिवसापासून आमच्याकडे मूकवाचन मोठ्यानं सुरू झालं.

* * *

मग घंटेचं प्रकरण. दळवी गुरुजींच्या गावच्या चाकरमान्यांनी मुंबईहून रुळाचा हातभर तुकडा आणून टांगला. आमच्याकडे नांगराचा जुना फाळ. त्यांची घंटा झाली की आमचीच पोरं दप्तर उचलून पसार!

मी तक्रार केली, तर दळवी म्हणाले, "तुम्ही वाजवूच नका. दोघांची मीच वाजवतो!"

महिनाभर बेस्ट चाललं. मग एका दुपारी दळवींना हिवताप चढला आणि ते ऑफिसात घोंगडी ओढून पडले. दिवेलागणीला दोन्ही काठांवरच्या आया शोधत आल्या, तेव्हा दोन्ही शाळा भरलेल्याच होत्या!

* * *

शिमग्याला त्यांच्या चाकरमान्यांनी पृथ्वीचा गोल आणला. दळवींनी त्यावर शाईनं आपल्या गावाचा टिपका काढला. शाई पसरली आणि त्यांच्या गावात अख्खं कोकण बुडालं.

आमची मंडळी तो बघायला गेली. सखाराम हट्टालाच पेटला.

"नदीच्या अलीकडं आमचा पन टिपका काढा!"

"जागा कुठाय रे?"

"ती निळी जागा रिकामीच हाय की!"

पुढची कित्येक वर्षं आमची शाळा अरबी समुद्रात भरत होती.

* * *

आता थोडं गंभीर. दोन गावांत मिळून एकच सातवी देणार, असं बोर्डानं कळवलं. सातवी म्हणजे फायनल. ती पास झाली की मास्तरकीचीसुद्धा वाट उघडायची. ती पलीकडे गेली असती, तर आमच्या मुलींचं शिक्षण सहावीत संपलं असतं. पावसाळ्यात नदी ओलांडून मुलीला कोण पाठवतो?

सखारामाची सुमन सहावी पास झाली आणि जूनमध्ये पुन्हा सहावीतच येऊन बसली. पुन्हा पास झाली, पुन्हा आली! मी सखारामाला विचारलं, तर तो म्हणाला, "गुर्जी, शालंत हाय तवर पोरगी ल्हान. शाला सुटली की मोठी. मग पावनी मंडळी बघायला येतात. मलाच नको वाटतं वो."

मी तिचं नाव तिसऱ्यांदा सहावीत लिहिलं. पोरीला द्यायला माझ्याकडे पुढचा वर्ग नव्हता, याची मला खरंच लाज वाटली.

* * *

आणि आला तपासणीचा दिवस! महाडहून शाळा तपासणारे दिपोटी साहेब आले, सातवी कुणाला द्यायची ते बघायला. सकाळी आमची शाळा, दुपारी पलीकडची. पण दहाच्या सुमारास नदी अशी फुगली की पायी ओलांडायचा उतार बंद. साहेब अलीकडे अडकले.

दळवी कसले ऐकतात! सगळी शाळा पलीकडच्या काठावर ओळीत उभी केली आणि ओरडले, "साहेब, तिथूनच विचारा!"

साहेब छत्री घेऊन काठावर गेले. पाठोपाठ मी, आणि माझ्यामागे माझी शाळा.

"कृष्णा नदी कुठं उगम पावते?" साहेबांनी हाताचा कर्णा करून विचारलं.

"महाबळेश्वर!" माझ्या शेजारून सुमन.

"सहा माणसं एक काम सहा दिवसांत करतात, तर चार दिवसांत…"

"नऊ माणसं! पुस्तकातलं त्याच्या खालचं गणित पन सांगू?"

साहेब भडकले. "तुला विचारलंय का?"

"मला सातवीचं इचारा ना, साहेब. सहावी मी दोनदा पास झालेय."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी नदीकडे बघितलं.

"सातवीचं पुस्तक आणा."

"नाही साहेब. वर्गच नाही तर पुस्तक कुठलं?"

साहेबांनी पलीकडे हाक दिली, "सातवीचं पुस्तक आहे का?"

दळवींचा चेहरा काय खुलला म्हणता! "आहे साहेब! आमची सगळी तयारी आहे!"

"टाका इकडे!"

दळवींनी सदऱ्याच्या आतून पुस्तक काढलं, मेणकापडात गुंडाळलं, वर दगड बांधला आणि भिरकावलं. नदी तिथे अरुंद. पुस्तक आमच्या चिखलात येऊन पडलं.

सुमननं ते परकराला पुसलं आणि साहेबांच्या छत्रीखाली उभी राहून वाचायला लागली. एक पान झालं. तिनं उलटलं. दुसरं झालं. सखाराम शेतातून वर आला होता, तो इरल्याखाली नुसता उभा होता.

"पुरे," साहेब म्हणाले. ती थांबली नाही.

पलीकडे दळवींना आता काळजी वाटायला लागली.

"साहेब! पुस्तक परत कधी?"

साहेबांनी पुन्हा हाताचा कर्णा केला.

"सातवी पास झाली की!"