कांडीवर नाव अण्णांचं

ये, अशी जवळ ये बघू. लांबूनच ‘काकू, जाऊ दे ना’ म्हणायची सवय सोड आता. तू बेंगळूरुला, मी इथं धारवाडजवळ उणकलला, म्हणून तुला कागदावरच समोर बसवतेय. आणि हे मी एकट्या तुझ्यासाठी लिहीत नाही, चार लोकांनी वाचावं म्हणून लिहितेय. तेव्हा तुला ठाऊक असलेलंही त्यात येणार, कंटाळा करायचा नाही. चूक तुझी एकटीची नाही, पण तुझीही आहे. पोटची लेक म्हणून जरा जास्तच आहे.

आधी वाचणाऱ्यांना सांगते. ही माझी पुतणी. हिची आई माझी थोरली जाऊ, तिला मी अक्का म्हणते. हिचे वडील ते अण्णा, माझे थोरले दीर, धारवाडच्या कोर्टात वकील होते. ते जाऊन बरीच वर्षं झाली. आता या घरात आम्ही दोघी जावाच. एकीला कमी ऐकू येतं, दुसरी जास्त बोलते, असं आमचं जमून गेलंय.

तर झालं असं. बेंगळूरुच्या एका कंपनीनं अल्बम काढला. मांडीवर आडवी ठेवून वाजवायची गिटार असते ना, आपण जिला हवाईयन गिटार म्हणतो, ती वाजवणाऱ्यांचा. जुने, नवे, कुठले कुठले वाजवणारे एकत्र केलेत. पूर्वीसारख्या मोठ्या काळ्या तबकड्या आहेत, सोबत गुळगुळीत कागदाचं पुस्तक आहे, फोनवरही ऐकता येतं. काम छान केलंय, उगाच नावं ठेवणार नाही. पण त्यात एक भूप आहे. घरात, साध्या टेपरेकॉर्डरवर घेतलेला. तो भूप अक्कानं वाजवलाय, आणि पुस्तकात खाली नाव आहे अण्णांचं.

नुसतं नाव नाही. वर पानभर मजकूर आहे. ‘वकिली सांभाळून एकांतात साधना करणारे प्रसिद्धिविन्मुख कलावंत.’ अण्णांची साधना मी रोज पाहिलेली आहे. कोर्टातून आले की कोट खुंटीला, पाय आरामखुर्चीच्या दांड्यावर, तोंडात पान. त्यांना सुरात शीळ घालता येत नव्हती. आरतीला टाळ वाजवायचे, तोही सासूबाई काढून घ्यायच्या. माणूस सोन्यासारखा होता, त्याबद्दल वाद नाही. पण गिटारीला त्यांनी हात लावला तो फक्त ती कपाटावरून खाली काढून द्यायला.

गिटार अक्का माहेरून घेऊन आली. त्या काळी धारवाडात पेटी नि तबला शिकवणाऱ्या क्लासात ही गिटारही शिकवायचे, नि मुलींना आवडायची. डाव्या हातात स्टीलची कांडी धरायची, तारांवर टेकवून सरकवायची, उजव्या हाताच्या बोटांत नख्या घालून तार छेडायची. पडद्यावर बोट दाबायचं नसतं, सूर कांडीनं शोधायचा. केसभर इकडं-तिकडं झालं की बेसूर. सूर अंगातच असावा लागतो. अक्काच्या अंगात होता. तिच्या कांडीचं घसरणं असं असायचं, की तार कुठं संपली नि गळा कुठं सुरू झाला, कळायचं नाही.

सासूबाईंना मात्र ते बघवत नसे. ‘देवानं मांडी दिली पोर घ्यायला, हिनं फळकूट घेतलंय,’ असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या. अक्का आपली मांडीवर जुन्या लुगड्याची घडी ठेवायची, म्हणजे गिटार सरकत नाही, नि वाजवत बसायची. मग तू झालीस, नि त्या मांडीवरच्या जागेवरून खरं भांडण सुरू झालं. तू रांगत यायचीस नि गिटार ढकलायचीस. सासूबाई म्हणायच्या, ‘बघा, पोरीला कळतं, आईला कळत नाही.’ शेवटी अक्का तुला एका मांडीवर नि गिटार दुसऱ्या मांडीवर तिरकी घेऊन वाजवायला लागली. तू सूर ऐकत झोपायचीस. आता मला सांग, ज्या मांडीवर तू झोपलीस ती अण्णांची होती का?

आता नावाचं सांगते. सगळा घोळ तिथं आहे.

अक्काची माहेरची कांडी एकदा हरवली. मग तिच्या मावसभावानं तारिहाळच्या कारखान्यात लेथवर एक नवी करून दिली, गुळगुळीत, हाताला गार लागणारी. त्याच सुमाराला घरात नवे डबे, पेले, परात घेतलेली होती. आपल्याकडं भांडं घेतलं की त्यावर नाव घातल्याशिवाय वापरात घेत नाहीत. लग्नाकार्यात भांडी शेजारी जातात, नाव नसलं तर परत येत नाहीत. म्हणून अक्का सगळी भांडी पिशवीत घालून कमरीपेठेतल्या भांडीवाल्याकडं गेली, मीही बरोबर होते. भांडीवाला छिन्नी-हातोडी घेऊन बसायचा, टकटक ठिपके मारत अक्षरं उठवायचा. त्यानं विचारलं, ‘अक्कावरा, हेसरु येनु?’ नाव काय घालू? अक्कानं सांगितलं अण्णांचं. दुसरं काय सांगणार? घरातल्या प्रत्येक भांड्यावर पुरुषाचंच नाव असतं, बाईनं घासलेलं, बाईनं भरलेलं, बाईनं उपसलेलं. तिनं पिशवीतून शेवटी कांडी काढली नि म्हणाली, ‘ह्यावरही घाला, एकदा हरवलीय.’ भांडीवाल्यानं उलटसुलट करून बघितली. त्याला वाटलं, मसाला कुटायचं काही असेल. तारेला टेकत नाही त्या पाठीवर त्यानं तेच नाव उठवून दिलं.

बाहेर आल्यावर अक्का हसली. ‘आता हरवली तर यांच्याकडं येईल,’ म्हणाली. अण्णांनी पाहिलं तर तेही हसले. ‘माझ्या नावानं एवढी तरी गोड वस्तू आहे घरात.’ त्या वेळी आम्हा तिघांना तो विनोद होता.

आता तू काय केलंस? कंपनीनं मागितलं म्हणून कॅसेट पाठवलीस, गिटारीचा फोटो पाठवलास, कांडीचा फोटो पाठवलास. त्यांनी कांडीवरचं नाव वाचलं नि छापून टाकलं. छापायच्या आधी तुला दाखवलं होतं, हे तूच मला सांगितलंस. तू म्हणालीस, ‘काकू, अण्णांचं नाव बघून मला इतकं भरून आलं, की मी काही बोललेच नाही. आणि आईला कुठं काय वाटतं?’

आईला काय वाटतं, ते सांगते.

अल्बमची बातमी कळल्यावर अण्णांचे कोर्टातले जुने सोबती हार घेऊन घरी आले. आमच्या हॉलमध्ये अण्णांचा फोटो आहे, त्याला हार घातला. मोबाइलवर भूप लावला, मान डोलावत ऐकला. एक वकीलसाहेब तर डोळे पुसायला लागले. म्हणाले, ‘इतकी वर्षं बाररूममध्ये शेजारी बसलो, कधी अक्षरानं सांगितलं नाही. केवढा नम्रपणा.’

अक्का म्हणाली, ‘हो, कधीच सांगितलं नाही त्यांनी.’

‘वहिनी, ते वाजवायचे तेव्हा तुम्ही ऐकायला बसत होतात की नाही?’

‘बसत होते ना. अगदी जवळ बसत होते.’

मी तोंड उघडलं, तर अक्कानं डोळ्यांनीच मला गप्प केलं. ‘इरली बिड,’ म्हणाली, असू दे, सोड, नि चहा टाकायला आत गेली. ज्या हातांची वाहवा चालली होती ते हात आत आलं किसत होते, नि बाहेर हार फोटोला. मी आत जाऊन म्हटलं, ‘अगं, तू सांगत का नाहीस?’ तर म्हणे, ‘आलेल्या माणसांना काय लाजवायचं? चहा गार होईल.’ मला इतका संताप आला, की मी त्यांच्या चहात साखर घालायला विसरले. विसरले म्हणजे, आठवलं तरी घातली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी डुलकी काढून उठले, तर अक्का पलंगावर बसलेली, फोन कानाला लावून. भूप लावला होता. तिला कमी ऐकू येतं म्हणून फोन अगदी कानात दाबलेला. डावा हात मांडीवर होता नि सरकत होता, मूठ वळलेली, जशी कांडी धरतात तशी. एके ठिकाणी थांबली नि म्हणाली, ‘इथं धैवत थोडा वर गेला माझा.’ मग फोन खाली ठेवला. नंतर म्हणाली, ‘माझं नाव नसतं घातलं तरी चाललं असतं गं. पण दुसऱ्याचं घालायला नको होतं.’

ऐकलंस? आईला काही वाटत नाही म्हणालीस ना?

मग मी कंपनीत फोन केला. नंबर पुस्तकाच्या मागंच होता. पलीकडं एक तरुण मुलगा, कन्नडच बोलणारा, फार अदबीचा. मी सगळं कन्नडमध्ये सांगितलं. ‘सरी अज्जी, सरी अज्जी’, म्हणजे बरं आजी, करत त्यानं ऐकून घेतलं नि म्हणाला, ‘पण अज्जी, वाद्याच्या कांडीवर त्यांचं नाव आहे.’

मी म्हटलं, ‘बाबा, आमच्या परातीवरही त्यांचंच नाव आहे. मग कणीक काय त्यांनी मळली?’

तो हसला. पण हसून नाव बदलत नाही. म्हणाला, ‘त्या अज्जींचा वाजवतानाचा व्हिडिओ काढून पाठवा.’ आता तुला ठाऊक आहे, अक्काचा अंगठा वळत नाही. कांडी धरली की घरंगळून पडते. मी ते सांगितलं. मग तो म्हणाला, ‘दुसरा काही पुरावा असेल तर द्या, पुढच्या खेपेला छापताना बदलू.’

आणि तेव्हा मला तो करपलेला भात आठवला.

ती कॅसेट भरली त्या दिवशी मी घरातच होते. सकाळची वेळ, अण्णांना कोर्टाला सुट्टी. टेपरेकॉर्डर नवा होता, तो फक्त अण्णांनीच हाताळायचा, अशी शिस्त. ते स्टुलावर बसून दोन बटणं एकदम दाबून धरून होते, सोडली तर बंद पडेल असं त्यांना वाटे. अक्का सतरंजीवर बसलेली, भूप चाललेला. मी मागच्या दारी कपडे वाळत घालत होते. चुलीवर भात अक्काचा. भूप रंगात आला नि इकडं वास सुटला. अण्णांना उठता येईना, बटणं सोडायची भीती. मग ते बसल्या जागेवरून म्हणाले, ‘अगं, वाजवणं थांबव, भात करपतोय.’ अक्का थांबली नाही. ते पुन्हा म्हणाले, जरा मोठ्यानं. ती तरीही थांबली नाही. मीच धावत आले नि पातेलं उतरवलं, झाकण पडलं ते खणखणत स्वयंपाकघरभर फिरलं. अक्कानं भूप पुरा केला. तो भात आम्ही सगळ्यांनी खाल्ला. सासूबाईंनी चार घास खाऊन ताट सरकवलं, अण्णांनी मात्र पुन्हा वाढून घेतला.

मी त्या मुलाला विचारलं, ‘मधे पुरुषाचा आवाज ऐकू आला का?’

म्हणाला, ‘होता ना, अज्जी. कुणीतरी मराठीत बोलत होतं, भांडं पडल्याचा आवाजही होता. आम्ही ते सगळं साफ करून काढलं.’

साफ करून काढलं म्हणे. अण्णा स्वतःच्या तोंडानं सांगत होते कोण वाजवतंय ते, नि यांनी त्यांचंच बोलणं पुसून त्यांचंच नाव वर छापलं. हयात असते तर अण्णांनी पहिली नोटीस यांना धाडली असती, नि दुसरी तुला.

पण तो मुलगा मनानं वाईट नाही. मी त्याला भाताचं सगळं सांगितलं. मग म्हणाला, ‘आमच्याकडं आता साफ केलेलंच आहे, मूळ कॅसेट आम्ही ताईंना परत पाठवलीय. त्यात हे असेल तर मला ऐकवा, मी स्वतः नाव बदलून घेईन.’ ताई म्हणजे तू. कॅसेट तुझ्याकडं आहे. तुझ्या कपाटात कुठल्यातरी खोक्यात पडली असेल. ओलबिल लागून खराब झाली तर अक्काकडं दाखवायला दुसरं काही नाही, हे डोक्यात असू दे. पोस्टानं पाठवू नकोस, हातात घेऊन ये.

आणखी एक. परवा मी अक्काला रिक्षात घालून कमरीपेठेत नेलं. कांडी पदराला बांधून घेतली होती. म्हटलं, छापायचं तेव्हा छापतील, आपण आपलं नाव तर घालून घेऊ. तो जुना भांडीवाला आता नाही, दुकानात त्याची सून बसते, नाव घालायला विजेचं यंत्र आलंय, गुर्र करतं. तिनं विचारलं, काय नाव घालू? अक्कानं कांडी पुढं केली, मग मागं घेतली. म्हणाली, ‘पुसायचं नाही हं त्यांचं. शेजारी जागा आहे.’ नि माझ्याकडं वळून म्हणाली, ‘पोरीला येऊ दे. ती असताना घालू.’

कांडी पुन्हा पदराला बांधून आम्ही परत आलो. आल्यापासून अक्कानं ती खिडकीशी उशाला ठेवलीय. अण्णांचं नाव वरच्या बाजूला, शेजारी बोटभर जागा रिकामी. दुकानातली ती सून म्हणाली, रविवार सोडून कधीही या.

तेव्हा सुट्टीचं कारण सांगू नकोस, मुलाच्या परीक्षेचं तर मुळीच नको. सकाळच्या गाडीत बस नि ये. कॅसेट पर्समध्ये, वर कपडे ठेवू नकोस, दाबली जाईल. भात मी करीन, नि या खेपेला चुलीपाशी मीच उभी राहीन. लवकर ये बाई, अक्का वाट बघतेय.